भोकांची पट्टी आणि गढूळ वाईन

आमच्या घरी दारामागच्या खुंटीला एक प्लास्टिकची पट्टी लटकलेली असायची. तिला ओळीनं गोल भोकं होती, १४, १६, १८, २० मिलिमीटरची. जानेवारी संपत आला की आप्पा ती खिशात घालून बागेत जायचे आणि घडातला एखादा मणी भोकात धरून बघायचे. सोळाच्या भोकातून मणी सुळकन खाली पडला, की त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. अठरात अडकला, तर आईला चहा टाकायला सांगायचे. कधीकधी दोनदा.

तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या मुलीला चांगलं द्राक्ष म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. एकसारखं, लांबट, पातळ सालीचं, एकही डाग नसलेलं. त्यासाठी ऑक्टोबरच्या छाटणीपासून जे चालतं, ते मी शाळेत असल्यापासून बघितलंय. घड विरळायला बायका कात्र्या घेऊन बसायच्या. जीए म्हणजे मणी फुगवणारं संजीवक, त्याच्या पाण्यात प्रत्येक घड बुडवायचा. भुरी नको, डाऊनी नको, हे दोन्ही बुरशीचे रोग, म्हणून ट्रॅक्टरमागे फवारणीचा ब्लोअर, आणि आप्पांची वही, जिच्यात औषधांची नावं देवाच्या नावांपेक्षा जास्त. एवढं करून आप्पा माळकरी. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण त्यांचा आंबलेला रस कधी ओठाला लावला नाही. मी लावला, तोही सातासमुद्रापार, आणि पहिल्या घोटाला माझ्या मनात आलं ते असं, की हे तर नासलंय.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पाचव्या रस्त्यावर, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, गोदामांच्या वस्तीत नॅचरल वाईन करणारी ही वाईनरी होती. नाव ‘डाँकी अँड गोट’, म्हणजे गाढव आणि बकरी. वाईनरी म्हटल्यावर आपल्याला जे दिसतं, टेकडीवरून उतरणाऱ्या वेली, दगडी बंगला, गुलाबाचे ताटवे, त्यातलं इथे काही नव्हतं. उंच छत, फोर्कलिफ्ट, लाकडी पिंपं आणि आंबलेल्या फळाचा वास. जॅरेड आणि ट्रेसी ब्रँट या नवरा-बायकोनं फ्रान्समध्ये ऱ्होन खोऱ्यात एरिक टेक्सिए या वाईनवाल्याकडे उमेदवारी करून २००४ मध्ये हे सुरू केलं. द्राक्षं येतात ती सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याच्या एल डोराडोसारख्या भागातून, ट्रकनं. आम्हाला पहिली दिली ती ‘स्टोन क्रशर’, रूसान जातीच्या पांढऱ्या द्राक्षांची, पण सालीसकट आंबवलेली. तिला ‘ऑरेंज वाईन’ म्हणतात. रंग फिक्या चहाचा. वर गढूळ. नवरा पुण्याचा, तो ग्लास उजेडात धरून म्हणाला, “गाळायची विसरलेत का?”

मी घोट घेतला आणि तोंड आक्रसलं. दुसरा घेतला तेव्हा ओळख पटायला लागली. आंबापोळीचा कडेचा भाग, जो जास्त वाळून चामड्यासारखा होतो, तो चघळल्यावर जसं लागतं तसं. मागून कच्च्या सुपारीचा तुरटपणा. काउंटरवरचा मुलगा काहीतरी जर्दाळू आणि कॅमोमाइल म्हणत होता. मी मान डोलावली. कॅमोमाइलशी माझी ओळख टी-बॅगपलीकडे नाही.

नॅचरल वाईन म्हणजे काय, यावर लोक तावातावानं भांडतात, आणि अमेरिकेत या अर्थानं तिची कायदेशीर व्याख्या नाहीच. मला ते विरजणावरून कळलं. बाजारच्या दह्यात कारखान्यातून मोजून आणलेले जिवाणू असतात, रोज तीच चव. घरच्या विरजणाला हवा, भांडं, ऋतू, सगळ्यांची चव लागते. थंडीत ते रुसतं, वैशाखात बिघडतं. नेहमीच्या वाईनमध्ये द्राक्षं चिरडल्यावर बहुधा आधी गंधकाचा डोस देऊन रानटी यीस्ट दाबतात, मग पाकिटातलं निवडक यीस्ट सोडतात. रस आंबट कमी पडला तर आम्ल, तुरट कमी पडला तर टॅनिन, रंग कमी पडला तर रंगाचा अर्क. अमेरिकेत वाईनमध्ये घालायला मान्यता असलेल्या पदार्थांची यादी साठाच्या वर जाते आणि त्यातली बहुतेक नावं बाटलीवर लिहायची सक्ती नाही. नॅचरलवाले म्हणतात, आम्ही रसायनांशिवाय वाढवलेली द्राक्षं हातानं तोडतो, जे यीस्ट सालीवर आणि तळघराच्या भिंतींवर आहे त्याच्यावर सोपवतो, आणि मध्ये लुडबुड करत नाही. गाळ तसाच ठेवतो. गंधक नाही, किंवा बाटली भरताना चिमूटभर.

गंधक हा शब्द ऐकला आणि मी एकदम घरी पोचले. आमच्याकडे जी द्राक्षं बाजाराला जात नाहीत त्यांचा बेदाणा होतो. शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेल्या मालाला रंग यावा, तो सोनेरी राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. संध्याकाळी धुरी दिली की शेडच्या बाजूला आम्हा पोरांना बंदी. तरी वास यायचाच, हजार काड्या एकदम ओढल्यासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा. तोच वायू वाईन राखतो. यीस्ट स्वतःही थोडा तयार करतं, त्यामुळे गंधक शून्य अशी वाईन सहसा नसतेच. इथल्या नियमानं दहा लाखांत १० भागांपासून पुढे ‘सल्फाइट्स आहेत’ असं लेबलवर छापावं लागतं आणि कमाल मर्यादा ३५० आहे. फ्रान्सनं २०२० मध्ये नॅचरल वाईनसाठी जी ऐच्छिक मोहोर आणली, तिच्यात ३० च्या वर जाता येत नाही. आकड्यांमधलं अंतर बघा.

मग मला आजीची बाटली आठवली. खोकला, अशक्तपणा, भूक न लागणं, सगळ्यावर द्राक्षासव. तपकिरी बाटली, दोन चमचे, तितकंच पाणी. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, यातलं मद्यार्क स्वयंजनित आहे. म्हणजे कुणी ओतलेलं नाही, आपोआप झालंय. मनुका, गूळ किंवा साखर, मसाले आणि धायटीची फुलं भांड्यात बंद करून ठेवायची. यीस्ट त्या फुलांबरोबर येतं. पाकिटाची गरज नाही. आप्पांनी अख्खं आयुष्य ‘मी असलं घेत नाही’ म्हणताना आजीच्या हातून ते दोन चमचे विनातक्रार घेतलेत. कोकणात माडावरून सकाळी उतरलेला गोड रस दुपारपर्यंत फसफसून माडी होतो, तेही याच रानटी यीस्टचं काम. बर्कलीतल्या माणसांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. आपण मात्र माडीला गावंढळ म्हणतो आणि तिच्या फ्रेंच बहिणीला ३५ डॉलर देतो. मीसुद्धा देते, म्हणून तर लिहितेय.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी झपाटल्यासारखी शोधत होते. त्याच रस्त्यावर ‘ब्रॉक सेलर्स’ आहे, तिथली व्हालडिग्ये प्यायले. या जातीला कॅलिफोर्नियात पूर्वी चुकून ‘नापा गामे’ म्हणायचे, मग खरं नाव कळलं आणि फॅशन संपली. वेली कुणी उपटल्या, कुणी ठेवल्या. ती थोडी गार करून घेतली की थेट करवंद. मे महिन्यातलं, द्रोणातलं, चीक लागलेल्या बोटांचं. वाईनच्या इंग्रजी वर्णनात करवंद सापडत नाही, तिथे गूजबेरी आणि बॉयझनबेरी. मला ती फळं वाईनमधून कळली, उलटं कधी झालं नाही. मग सोनोमात ग्लेन एलनजवळ कोटुरी कुटुंबाची झिनफँडेल, त्याच नावाच्या काळ्या द्राक्षांची. टोनी कोटुरी १९७९ पासून बिनगंधकाची वाईन करतायत, जेव्हा नॅचरल वाईन हा शब्दही इथे कुणाला ठाऊक नव्हता. जाड, उन्हाळलेली, काकवीच्या वळणानं जाणारी वाईन. ती मला एका बैठकीत दोन घोटांवर झेपत नाही, पण आवडते, जसा एखादा हट्टी काका आवडतो.

पिकेट मला सगळ्यात जवळची वाटली. वाईन काढून झाल्यावर राहिलेल्या चोथ्यावर पाणी ओतायचं, उरलीसुरली साखर पुन्हा आंबू द्यायची, आणि बिअरएवढं हलकं, फसफसतं पेय तयार. युरोपात हे शेतमजुरांचं पेय होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यातल्या ‘वाइल्ड आर्क फार्म’नं ते अमेरिकेत पुन्हा आणलं आणि बघता बघता डझनावारी लोक करायला लागले. लोणी मालकाचं, ताक मागेल त्याचं, अशी आमच्या वाड्याची रीत होती. इथे ताकाचीही बाटली विकतात, वर सुंदर चित्राचं लेबल लावून. असो, चव चांगली असते.

पेत-नात नावाचा एक प्रकार आहे, आंबणं पुरं व्हायच्या आधीच बाटली बंद करायची, म्हणजे बुडबुडे आतच राहतात. फ्रिजमध्ये ठेवून अगदी गार करून उघडावी, हे मला सांगितलं होतं. मी दिवाळीला पाहुणे आले म्हणून टेबलावरचीच उघडली. निम्मी बाटली छताला. चकलीच्या ताटात ती पडली आणि एका मावशींनी अत्यंत शांतपणे विचारलं, “हे प्रसादाचं नाही ना?”

आता जरा भांडते. या जगात सैल काम खूप खपून जातं. एकदा एका लहानशा वाईनरीची बाटली आणली. नाव देत नाही, माणसं भली होती. नाकाला सुंदर, जिभेवर सुंदर, गिळल्यावर दहा सेकंदांनी तोंडभर उंदीर. कणगी उपसताना तळाशी जो वास येतो, तोच. याला इथे ‘माउस’च म्हणतात. एका जातीच्या जिवाणूंमुळे होतं, आणि गंमत अशी की वाईन आंबट असल्यामुळे तो वास ग्लासातून वर येत नाही. लाळेत मिसळून आंबटपणा उतरला की मग सुटतो. काही लोकांना तो कळतच नाही. माझ्या नवऱ्याला कळत नाही. तो सुखी आहे. मी दुकानात सांगितलं तर उत्तर आलं, “तिचा स्वभाव आहे तो.” व्हिनेगरचा झणका, तबेल्याचा वास, सगळ्याला स्वभाव म्हणायचं ठरवलं तर मग आईनं फेकून दिलेल्या प्रत्येक बिघडलेल्या डोशाच्या पिठाची आपण माफी मागायला हवी. आंबणं आणि नासणं यात रेघ आहे. ती बारीक आहे, पण आहे, आणि ज्याला ती दिसत नाही त्यानं बरणीत हात घालू नये.

दुसरं भांडण जास्त खोलवरचं आहे, आणि ते मी आप्पांच्या बाजूनं भांडते. टेस्टिंगला गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, आम्ही निसर्गावर विश्वास ठेवतो, फवारणीवर नाही. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक द्राक्षपट्ट्यांत मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ पडतच नाही. डाऊनीची भीती नाही. भुरी येते, तिच्यावर गंधकाची भुकटी चालते, आणि ती सेंद्रियात बसते. हा कोरडा उन्हाळा म्हणजे त्यांचा अर्धा विश्वास. आमच्याकडे छाटणी झाली, कोवळी फूट निघाली, की नेमका परतीचा पाऊस. फुलोऱ्यात एक ढगाळ आठवडा म्हणजे वर्ष गेलं. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बोर्डो मिश्रण आमच्याही शेतात होतं, पण एवढ्यावर भागत नव्हतं. पुढे २०१० मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. ते संजीवक सल्ल्यानंच मारलेलं होतं, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गावात लग्नंही कमी झाली. आप्पांच्या वहीवर हसणाऱ्या माणसानं एकदा ऑक्टोबरात तासगावला यावं.

अर्थात इथेही निसर्ग कधी कधी हिशेब चुकता करतो. २०२० च्या ऑगस्टपासून आगी लागल्या, आमच्या खिडकीबाहेर भर दुपारी आकाश तांबडं झालं, आणि धूर द्राक्षांच्या सालीत मुरला. मोठ्या वाईनऱ्यांकडे तो गाळून थोडाफार काढायची यंत्रं असतात. काही न काढण्याची शपथ घेतलेल्यांनी काय करायचं? कित्येकांनी त्या वर्षी लाल केलीच नाही. सालीशिवाय दाबून पांढरी नि गुलाबी केली. गारपिटीनंतर आप्पा फुटके मणी बेदाण्याला वळवायचे, ते मला तेव्हा आठवलं.

म्हणून मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडच्या व्हरमाँट राज्यातल्या लोकांचा. बॉस्टनला मामेबहिणीकडे गेले होते, तिथल्या दुकानात ‘ला गराजिस्टा’ची बाटली मिळाली. ती डिअड्रा हीकिन करतात, बार्नर्ड नावाच्या खेड्यात. तिथे हिवाळ्यात पारा उणे २५-३० सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो आणि उन्हाळा ओला असतो, म्हणजे युरोपच्या नाजूक जातींना दोन्हीकडून मार. त्यांनी तो नादच सोडला. ला क्रेसेंट, फ्राँटनॅक ग्री, मार्केट अशा संकरित जाती लावल्या. ज्यांच्या रक्तात अमेरिकेची रानद्राक्षं आहेत, आणि ज्या मिनेसोटा विद्यापीठानं थंडीसाठी तयार केल्या; मार्केट तर अगदी अलीकडची, २००६ ची. वाईनचे पंडित संकरितांना नाकं मुरडत आलेत. ती ला क्रेसेंट प्यायले तेव्हा ईडलिंबाची साल नखानं खरवडल्यासारखं झालं, डोळे मिटले गेले. हवामानाशी भांडायचं नसेल तर त्याला मानवणारी वेल शोधावी लागते, ही गोष्ट कुठल्याही टेस्टिंगरूममधल्या प्रवचनापेक्षा मला त्या ग्लासात नीट कळली.

गेल्या वर्षी आप्पा आले. ऑगस्टच्या शेवटी, छाटणीच्या आत परत जायच्या बोलीवर. त्यांना नापाचे बंगले दाखवायचं धाडस मला झालं नाही. मी त्यांना ओकली-अँटिओककडे नेलं, जिथे नदीकाठच्या वाळूत, घरांच्या कुंपणाला नि दुकानांच्या पार्किंगला खेटून, जुन्या द्राक्षबागा अजून उभ्या आहेत. तिथली इव्हँजेलो बाग १८९० च्या दशकातली. पोर्तुगीज, इटालियन लोकांनी झिनफँडेल, कॅरिन्यान, मातारो असं मिसळून लावलेलं. बर्कलीच्या आणि आसपासच्या छोट्या वाईनवाल्यांची अशा बागांवर नजर असते. या वाळूला मातीच्या शास्त्रात ‘डेल्ही’ म्हणतात, आपल्या दिल्लीच्याच अक्षरांत लिहिलेलं, पण इथल्याच एका गावावरून आलेलं.

आप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. मांडव नाही, तार नाही, अँगल नाही. कमरेएवढी, पीळ पडलेली खोडं आणि वर विस्कटलेला पाला.

“एरंड लावल्यागत लावलंय की,” ते म्हणाले. मग वाकून, “खुंट कुठला?”

“खुंट नाही. स्वतःच्या मुळावर आहेत.”

मी शाळेत खोटं बोलले होते तेव्हा बघितलं होतं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, मुळं खाणारी एक किड, फिलॉक्सेरा, मूळची अमेरिकेतलीच. एकोणिसाव्या शतकात ती फ्रान्सला गेली आणि तिथल्या बागा संपवल्या. मग उपाय म्हणून अमेरिकेच्या रानवेलींचे खुंट घेऊन त्यांच्यावर कलमं केली. फक्त वाळूत तिला वावरता येत नाही, म्हणून इथल्या वेली वाचल्या.

“आपला डॉगरिज?”

“तोही इथलाच. टेक्सासचा.”

आमच्या जुन्या बागा स्वमुळावरच्या होत्या. पाणी खारट व्हायला लागलं, दुष्काळ पडायला लागले, तेव्हा १९९० नंतर सगळ्यांनी डॉगरिजवर कलमं केली. त्याचं नाव आप्पा इतक्या सहज घेतात, की त्यांना तो शेजारच्या कवठेमहांकाळचा वाटत असावा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चपलेच्या टोकानं वाळू उकरली, खाली ओल लागते का बघितली.

“किती वर्सांची म्हनलीस?”

“सव्वाशेच्या वर.”

“आपली पंधरात म्हातारी हुती,” ते म्हणाले. खाली लोंबणाऱ्या एका घडाजवळ तोंड नेलं, हात लावला नाही, कारण मण्यावरची पांढरी साय बोटानं पुसली जाते आणि मालाचा भाव उतरतो. इथे तो माल कुणी टिकल्या लावून पेटीत भरणार नव्हतं, पण सवय. बारीक, काळे, एकमेकांना चेंगरलेले मणी. “चौदाचापन न्हाई,” एवढंच पुटपुटले. पट्टी बरोबर नव्हती तरी.

त्या रात्री मी त्या भागातली एक कॅरिन्यान उघडली. बिनगाळलेली, गंधक न घातलेली. आप्पा जेवून समोर बसले होते. मी ग्लास त्यांच्यापुढे धरला, नुसता वासाला. माळेवर एक हात ठेवून त्यांनी नाक जवळ नेलं. चांगला मिनिटभर.

“बेदाण्याच्या शेडचा वास न्हाई याला,” म्हणाले.

मग बाटली दिव्यासमोर धरून तळाशी बसलेला जांभळा गाळ हलवून बघितला आणि मागच्या दाराकडे बोट केलं. “ह्यो टाकू नगंस. त्या लिंबाच्या बुडात घाल.”

मी बाटली घेऊन अंगणात गेले. ते दारात उभे राहून बघत होते, खोडापासून वीतभर लांब ओतते की नाही ते.